मांडवाखालची हराळी

जिंतूर रोडला आमची द्राक्षाची एक एकर बाग होती. आता नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही उगी आशा लावून बसायला नको.

बागेत तणाचं औषध मारू द्यायचं नाही, हा हट्ट माझाच. नातवंडं येता-जाता घड तोडून तोंडात टाकायची, धुवायचं भान कुणाला! पोरगा म्हणाला, "आई, एक साल देतो. औषधाबिगर गवत आवरलं तर बाग ठेवू. न्हाईतर मांडवाच्या तारा-अँगल उपसून सोयाबीन पेरतो."

बरं म्हटलं. पण आमचा मांडव बुटका, बैलाचं कोळपं आत शिरत नाही. खुरपायचं ते उकिडवं बसून. बाया चार दिवस आल्या. पाचव्या दिवशी त्यांची मुकादमीण, माझ्याच वयाची, वाकूनच मांडवाबाहेर आली अन् म्हणाली, "वैनी, तुमच्या द्राक्षापायी आमची कासवं झाली. उभ्यानं कापूस वेचून ह्याच्यापेक्षा जास्त पैसे पडायलेत." गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

मग मी मांडवाखालून जाणाऱ्या लहान ट्रॅक्टरचा माणूस बोलावला. त्यानं दोन तासांत रोटाव्हेटर फिरवून जमीन पिठासारखी केली. मी पोराला ऐकू जाईल असं म्हटलं, "झालं का न्हाई?"

पंधरा दिवसांनी बघते तर झुबका होता तिथं गालिचा. रोटानं हराळीचे तुकडे करून बागभर पेरून ठेवलेले. हराळीचा तुकडा न् तुकडा फुटतो, हे उभा जन्म शेतात काढलेल्या बाईला ठाऊक नव्हतं का? होतं. घाई झाली होती.

पुढं मी अन् आमचे मालक, दोघंच कुदळीनं मुळ्या उकरत बसलो. एक ओळ होईस्तोवर मागची हिरवी व्हायची. मालकांची कंबर तेव्हा धरली ती अजून सुटली नाही. माझी दोन नखं गेली. खत-पाणी सगळं गवतानं खाल्लं, मणी बारीक राहिले. व्यापारी आला, एक घड हातात घेतला, खाली सोडला अन् चहा न घेताच गेला.

पोरानं तारा सोडल्या. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

आता तिथं सोयाबीन आहे. औषधाचा पंप बांधापर्यंत फिरतो. यंदा गणपतीच्या दिवशी बांधावर दूर्वा खुडायला गेले. दूर्वा म्हणजे हराळीच की! सगळी पिवळी, करपलेली. एकवीस काड्या मिळाल्या नाहीत.

परभणीच्या बाजारात एका पोरीकडून जुडी विकत घेतली. पोरगी म्हणाली, "आजी, धुऊन घ्या बरं. काय मारलेलं असतंय, आमाला बी म्हाईत न्हाई."

घरी येऊन तीन पाण्यांतून काढली. मालकांनी विचारलं, "कुठून आणली?" मी जुडी चौथ्या पाण्यात बुडवली.