बाहेरून कुलूप

दिवेलागणीला शिलाई मशीनवर कापड झाकलं की बेबीताई कॉम्प्लेक्सभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "चाल्ली बापा मी घरी! घरी सारा पसारा पडला हाये." हातात डबा, खांद्यावर कापडी पिशवी. चौकीदार सुखदेवभाऊंना "येतो हं भाऊ" म्हणून त्या फाटकाबाहेर पडायच्या, कोपऱ्यावरच्या फुलवालीशी दोन शब्द बोलायच्या आणि दिसेनाशा व्हायच्या.

मग सुखदेवभाऊ पाण्याची मोटर लावायला गेले की बेबीताई मागच्या जिन्यानं परत यायच्या, आपल्या गाळ्यात शिरायच्या, आणि मी शटर ओढून बाहेरून कुलूप लावायचे. त्यांचं घर म्हणजे तो गाळाच होता.

अकोल्यातल्या त्या कॉम्प्लेक्सात शेजारच्या गाळ्यात माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. माझे वडील भाजी विकायचे. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. डिग्री फ्रेम करून गल्ल्यामागं टांगली होती, आणि टांगली याची मला लाज नाही. बेबीताईंनी पहिल्याच दिवशी ती फ्रेम निरखली आणि विचारलं, "हे लावल्यानं गिऱ्हाईक जास्त येते काय वो?" तेव्हापासून मी त्यांची 'ग्रॅज्युएट'. "ओ ग्रॅज्युएट, सुईत दोरा ओवून दे." "ओ ग्रॅज्युएट, चहा सांग."

बेबीताई धामणगाव रेल्वेकडच्या. नवरा गेल्यावर मुलाला, गजूला, घेऊन अकोल्यात आल्या आणि ब्लाउज शिवून त्याला शिकवलं. गजू पुण्याला कुठल्याशा गोदामात नोकरीला लागला, एका खोलीत पाच पोरांबरोबर राहू लागला. त्यालाच पाय पसरायला जागा नव्हती, तर आईला कुठं नेणार?

इकडं अकोल्यात क्लासेस वाढले. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायचा अभ्यास करायला आली आणि घरमालकांना कळलं की एका बाईला खोली देण्यापेक्षा त्याच खोलीत चार खाटा टाकून खाटेखाटेचं भाडं घेणं परवडतं. बेबीताईंची खोली अशीच खाटांखाली गेली. दुसरी मिळाली ती शहराच्या कडेला. पुढं तिथंही खाटा पोचल्या. "पोरं शिकून राहिली, त्यायले काय बोलू?" त्या म्हणायच्या. "माह्या गजूच्या वयाचीच हायेत. पन माय, माणसापेक्षा खाट महाग झाली." मी स्वतः तेव्हा खाटेवरच राहत होते, आणखी दोघींबरोबर. त्या बोलत असताना मी मान खाली घालून टाईप करत राहायचे. आज त्या, उद्या मी, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि भिंतीवरची फ्रेम त्यात काही करू शकेल असं वाटत नव्हतं.

गाळ्यात कुणी राहायचं नाही, हा मालकाचा कडक नियम. राहताना सापडलं तर सामान रस्त्यावर. म्हणून सुखदेवभाऊ रोज अंधार पडला की प्रत्येक शटरचं कुलूप हलवून बघायचे. बाहेरून कुलूप नसलं म्हणजे आत माणूस, हे सरळ होतं. त्यासाठी बेबीताईंना दुसऱ्याचा हात लागायचा. तो माझा.

मी फार भित्री नाही. पण जिवंत माणूस आत ठेवून कुलूप लावायचं म्हणजे काय, ते लावणाऱ्यालाच कळतं. आत कापडाचे ढीग, जुनी वायर, खिडकी नाही. झाकणाची एक बादली, जिच्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मे महिन्यात त्या शटरला हात लावला तर चटका बसायचा, आणि त्याच्या पलीकडं त्या ओला पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या असायच्या. चावी फिरवताना मी हळूच विचारायचे, "ताई, बऱ्या आहात ना?" आतून उत्तर यायचं, "मी मजेत हाये. तू सांभाळून गाडी चालव. तू मेली त मी बी मेली." आणि हसायच्या. मला हसू यायचं नाही. एकदा रेल्वे पुलाजवळ एक ट्रक माझ्या स्कूटीला घासून गेला. मी रस्त्यावर पडले आणि गुडघा बघायच्या आधी पर्समधली चावी चाचपली.

"एक चावी सुखदेवभाऊंकडं देऊ," मी म्हणून पाहिलं.

"नाई. याच्या कानातून त्याच्या कानात जाईन, मंग गजूच्या. थो नोकरी सोडून येईन. माहं काय बी होऊ दे, आत माणूस हाये असं तू कोनाले सांगजो नको. शपथ हाये तुले."

गजूचा फोन यायचा तो कुलूप लागायच्या आधी, माझ्या दुकानात. तो घरातल्या गोष्टी विचारू लागला, खोली कशी आहे, पाणी येतं का, की बेबीताई म्हणायच्या, "थांब रे, दूध उतू चाल्लं!" पलीकडून तो ओरडायचा, "गॅस बंद कर माय!" आणि फोन बंद. गाळ्यात ना गॅस होता ना दूध. त्या माझ्याकडं बघून डोळा मिचकावायच्या, पण फोन बराच वेळ हातात धरून बसायच्या.

मग ती सकाळ आली. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पोचले, तर फाटकात जीप उभी. मालकानं कॉम्प्लेक्सवर कर्ज काढून थकवलं होतं आणि आम्हा भाडेकरूंना काही कळू दिलं नव्हतं. जप्तीची माणसं एकेका कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून लाख ओतत होती. "आतलं सामान नंतर अर्ज करून मिळेल," त्यांचे साहेब सांगत होते. बाजारातली माणसं जमली होती. बघता बघता ते बेबीताईंच्या शटरपाशी आले.

मी शटरकडं बघत होते. आतून हूं नाही की चूं नाही. त्यांना सगळं ऐकू येत होतं, हे मला माहीत होतं. एक हाक मारली असती तर पुरे होतं. ती हाक त्या मारणार नव्हत्या. पट्टी चिकटली. लाखेचा वास आला. शपथ-बिपथ विसरून मी ओरडले, "थांबा! आत माणूस आहे!"

सगळे माझ्याकडं वळले. मी पर्समधून चावी काढून पुढं केली. साहेबांनी ती घेऊन कुलूप काढलं, शटर वर केलं.

बेबीताई मशीनवर बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, चापून बसवलेले केस, बाजूला बंद डबा, सुईखाली अर्धा ब्लाउज. जणू आत्ताच येऊन कामाला लागल्या होत्या.

"बाई, बाहेरून कुलूप होतं. तुम्ही आत कशा?" साहेबांनी विचारलं.

बेबीताईंनी माझ्याकडं बोट केलं. "हे पाहा ना! मले आत ठेवून कुलूप लावून चहा प्याले गेली. काहून तं ग्रॅज्युएट हाये! ध्यानच नसते ईचं."

लोक खो-खो हसले. साहेबही हसले. मीही मान हलवली, "हो, माझंच चुकलं." फक्त सुखदेवभाऊ हसले नाहीत. ते आत गेले, खांद्यावरचा दुपट्टा कोपऱ्यातल्या बादलीवर टाकला आणि ती उचलून मागच्या जिन्यानं घेऊन गेले. रोज कुलूप हलवणारा तो माणूस काय काय जाणून होता, ते मला तेव्हा कळलं.

साहेबांनी मशीन नेऊ दिली. ऑटोत बसताना मी म्हटलं, "माझ्याकडं चला." त्या म्हणाल्या, "तुही मालकीन मंग तुलेच काढीन. बडनेऱ्याले बहीन हाये माही." इतक्या वर्षांत त्या बहिणीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मी शपथ मोडल्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझा हात मात्र त्यांनी असा घट्ट धरला की बांगडी रुतली. त्यांचे हात बर्फासारखे गार होते. तोवर मला वाटायचं, भीती मला एकटीलाच आहे.

परवा माझ्या मालकिणीनं खाटेचं भाडं पुन्हा वाढवलं. का कोण जाणे, मी बेबीताईंना फोन लावला. आवाज तसाच खणखणीत. "चांगली खोली भेटली वो. टेशनच्या बाजूले. हवा त इतकी येते का विचारू नको."

"पत्ता सांगा, मी रविवारी येते."

 तेवढ्यात त्यांच्या अगदी जवळ, जणू डोक्यावरच, गाडीची घोषणा सुरू झाली. तिच्यावर आवाज चढवून बेबीताई म्हणाल्या, "थांब वो ग्रॅज्युएट, दूध उतू चाल्लं!"



"गॅस बंद करा, ताई," मी म्हणाले.