ओला चुना आणि साहेबाचं इंग्रजी

चुना अजून ओला होता आणि पोलिसांची जीप गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती.

ओला चुना काय असतो ते आधी सांगतो. भिंतीला मारला की तो लगेच पांढरा दिसत नाही. खालचं सगळं आरपार दिसतं. सुकेल तसा पांढरा होतो. आणि आमच्या चुन्याखाली काय होतं, तर इंग्रजी पेपरातली व्यंगचित्रं. पुढाऱ्यांची, मंत्र्यांची, खुर्च्यांची. साल पंच्याहत्तर, आणीबाणी लागलेली.

मी भिवंडीत जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम, यंत्रमाग, बिघडला की उघडून नीट करणारा माणूस. शाळा चौथी, तीही धड नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले लूम आमच्याकडे यायचे, त्यावरचं सगळं लिखाण इंग्रजीत. विजेच्या मोटारीवरचंही. मला ए बी सी डी यायची, पण शब्द कळायचा नाही.

कापडाचे तागे गुंडाळायला आमच्या शेडचा मालक मुनीर सेठ मुंबईहून रद्दी आणायचा. त्यातल्या चित्रांवर माझं डोकं चाललं. व्यंगचित्रवाला एक सोय करून ठेवतो. जे काढतो त्यावर नाव लिहितो. एक मोठा फुगा, बाईच्या हातची बाजाराची पिशवी घेऊन वर चाललाय. फुग्यावर लिहिलंय 'इन्फ्लेशन'. म्हणजे महागाई. यात मास्तर कशाला पाहिजे? उच्चार तेवढा सेठ सांगायचा, तो मॅट्रिक होता. चित्र कापून मी माझ्या पान्ह्यांच्या पेटीवरच्या भिंतीला चिकटवायचो आणि जेवणाच्या सुट्टीत शब्द मोठ्याने म्हणायचो. यूपीचे कारागीर जेवता जेवता विचारायचे, "मास्टरजी, आज का सबक?" मग मी अर्थ सांगायचो. निम्मी भिंत भरली.

हिरा, माझी बायको, त्याच शेडमध्ये कांडी भरायची. लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी म्हणजे कांडी. हिरा अंजूरची. तिला एक अक्षर ओळखता येत नव्हतं. ती चित्र बघायची आणि हसायची, एवढंच मला वाटायचं. तिचं एक आवडतं चित्र होतं. देश नावाचा रोगी खाटेवर पडलाय, पुढारी डॉक्टर होऊन भोवती उभे आहेत आणि एकमेकांचीच नाडी बघतायत. खाली लिहिलंय, 'नो होप'. मी सांगितलं, "आशा न्हाय." ती म्हणाली, "अवो, मंग त्याला पानी तरी पाजा कुनी!" सगळी शेड हसली.

त्या दिवशी सकाळी सेठ धापा टाकत आला. "दामू, भिंत साफ कर. बाजूच्या गल्लीतला युनियनवाला उचलला. घरात पोस्टर मिळालं म्हणून. आता शेड बघत फिरतायत."

"सेठ, चित्रं जुनी हायत. आनीबानीच्या आधीची."

"भिंतीवर तारीख लिहिलीय का? तुला नेतील आणि विचारणार कोणाला? कोर्ट नाही, काही नाही. चल, हात उचल."

इथे आमचाच धंदा नडला. चित्रं मी साध्या गोंदाने लावली नव्हती. ताण्याच्या, म्हणजे लूमवरच्या उभ्या सुताला कडक करायला चिंचोक्याची खळ लावतात, ती लावली होती. पत्र्याने खरवडलं तर भिंतीचं प्लास्टर खाली आलं, चित्र तिथेच. पाणी मारलं, तरी हलेना. सेठने चुना कालवायला सांगितला. मारला, तर चित्रं जशीच्या तशी दिसतायत. उलट ओली होऊन जास्त काळी.

आता सुकवायचा कसा? लूमच्या शेडमध्ये ओल धरून ठेवावी लागते. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. म्हणून आमच्या खिडक्या बंद असायच्या. सेठने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उघड सगळ्या." हिवाळ्याचं कोरडं वारं आत आलं. तटातटा ताणे तुटायला लागले. एकेक लूम थांबला. कारागीर गाठी मारत बसले. ज्या शेडमध्ये ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, तिथे शांतता झाली. फक्त हिराचं कांडी मशीन चालू होतं.

गल्लीतल्या आधीच्या शेड बघून पोलीस साहेब आत आला. तरुण, इस्त्रीचा. मागे आमच्या ओळखीचा हवालदार, पण तो आज ओळख देत नव्हता. साहेब थेट भिंतीपाशी गेला. बहुतेक भिंत पांढरी झाली होती. कोपऱ्यात खळ जाड होती, तिथे ओल राहिली होती. खुर्चीचे चार पाय दिसत होते आणि खाली इंग्रजी अक्षरं.

"चुना आजच मारलात?"

"संक्रांत आली ना साहेब," सेठ म्हणाला.

"एकाच भिंतीला संक्रांत?"

त्याने ओल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे खाली काय आहे?"

मी पुढे झालो. "रद्दी हाय साहेब. भिताडाची माती सुतावर पडते, म्हनून पेपर लावलेत."

"इंग्रजी पेपर?"

"सेठ आनील तो."

"आणि वाचतो कोण?"

"वाचतंय कोन? मी चौथी नापास."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान न वळवता, अगदी थंडपणे हवालदाराला म्हणाला, "अरेस्ट धिस मॅन."

तो शब्द मला येत होता. भिंतीवरच होता. मोठा चोर सलाम घेत मोटारीत बसतोय आणि पोलीस पाव चोरणाऱ्या हडकुळ्याला बेड्या घालतायत. मीच सगळ्या शेडला शिकवला होता.

हवालदार हलला नाही. साहेबही त्याच्याकडे बघत नव्हता. तो माझे डोळे बघत होता. गळ टाकलाय, हे मला तेव्हा कळलं. मी बैलासारखं तोंड केलं आणि त्याच्याकडे बघत राहिलो. माझं मी सांभाळलं असतं, पण माझ्या मागे सगळी शेड होती. एकाने मान वर केली असती, तर मी गेलो होतो. मशीनचा आवाज मात्र तसाच येत होता, एका लयीत.

मग हिराचा आवाज आला. "साहेब, वाईच मोठ्यानं बोला. लूमनं कान गेलंत त्याचं. मी घरात बोंबलते तरी ऐकत न्हाय. च्या सांगू का?"

हवालदाराला हसू आलं, ते त्याने खोकला करून गिळलं. साहेब दाराकडे वळला. मग म्हणाला, "चहा नको. सेठ, चुना सगळ्याच भिंतींना मारा. एकच बरी दिसत नाही."

जीप गेली. सेठ सुताच्या पोत्यावर मटकन बसला. मी हिराकडे गेलो. म्हटलं, "बरं झालं, तुला ठावं न्हवतं तो काय बोलला."

तिने मशीन बंद केलं आणि हात पुढे केला. बोटांतून सूत जातं, ते तिने इतकं आवळून धरलं होतं की बोटं कापली होती.

"बेड्या," ती म्हणाली. "हडकुळ्याला."

पुढे आम्ही सगळ्या भिंतींना चुना मारला. चित्रं खाली तशीच राहिली. नंतर ती शेडच पडली, तिथे गोडाऊन झालं.

हिरा मागच्या वर्षी गेली. दवाखान्यात मोठा डॉक्टर आला, कागद बघितले आणि आमच्या समोरच धाकट्या डॉक्टरला म्हणाला, "नो होप." मी तेच बैलाचं तोंड केलं. तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपलीय.

डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "अवो, पानी तरी पाजा."

मी पाजलं.

म्हणून शिकलेल्या लोकांना एवढंच सांगणं आहे. समोरच्याला इंग्रजी येत नाही असं धरून बोलू नका. कोण कुठल्या भिंतीपुढे जेवायला बसलेलं असतं, तुम्हाला ठाऊक नसतं.