ताईच्या बघण्याला ओहमची रोषणाई

मी इंटर सायन्सला होतो आणि मला सगळं येत होतं.

आमच्या नेर गावात नुकतीच वीज आली होती आणि सुमनताईला बघायला दारव्ह्याचे पाहुणे येणार होते. मी जाहीर केलं, "बाबा, दारावर दिव्यांची माळ मी लावतो!"

"कोनाले इचारून?"

"ओहमच्या नियमाले!"

"कोन हा ओहम? आपल्या नात्यातला हाय काय?"

करीमभाईंच्या गॅरेजातून मी मोटारींचे बारा व्होल्टचे दिवे मागून आणले. घरची वीज दोनशे वीस व्होल्टची. भागाकार केला, अठरा आले. अठरा दिवे एकामागे एक जोडले, की प्रत्येकाच्या वाट्याला बाराच व्होल्ट! (हे मी ताईलाही समजावलं. ती वेणी घालत होती. फणी फेकून मारली.)

दिवेलागणीला पाहुणे दारात आले आणि मी बटण दाबलं. माळ पेटली! पण हे काय? हेडलाइटचे मोठे दिवे विझत्या विडीसारखे, आणि मोटारीच्या मागचे चिमुकले दिवे भर दुपारच्या सूर्यासारखे! सगळे बारा व्होल्टचे, एवढंच पाहिलं, पण प्रत्येकाचा रोध वेगळा, हे पाहायचंच राहिलं! चिमुकल्यांचा रोध जास्त, त्यामुळे व्होल्टही तेच जास्त गिळत होते.

फट्! एक फुटला, सगळी माळ गुल.

"काय करून राह्यला बे?" बाबा ओरडले.

"थांबा ना, गणितात बसवतो!"

बटण बंद करून फुटक्या दिव्याच्या जागी मी तार जोडली. आता एकूण रोध कमी, म्हणजे प्रवाह जास्त. फट्! पुन्हा तार. फट्! मुलाचे वडील टोपीवरच्या काचा झटकत म्हणाले, "आमी पोरगी पाहाले आलो का दिवाळीले?"

"बंद कर ना रे!" आतून आई.

पण आता मीच पेटलो होतो! शेवटी माळेत दिवे थोडे, तारा फार. बटण दाबलं. निळा लोळ उठला आणि आमच्यासकट अख्ख्या गल्लीची वीज गेली!

कंदील घेऊन ताई बाहेर आली. हसू काही केल्या आवरेना. मुलगाही हसत सुटला.

"हा तुमचा भाऊ काय?"

"हो. इंटर सायन्सले हाय."

दोघंही पोट धरून हसले आणि लग्न तिथंच ठरलं!

मुलाचे वडील म्हणाले, "देनंघेनं काही नाई पायजे. एकच अट. लग्नात या पोट्ट्यानं बत्तीले हात लावाचा नाई!"

बाबांनी माझ्याकडे न बघताच हो म्हटलं.

लग्नात सगळ्यांना कामं वाटली. मला पंगतीत पाणी वाढायचं मिळालं, आणि माझ्यावर नजर ठेवायचं मामांना!