मी दाखवलेलं घर

आमच्या गावात मुसलमानाचं एकच घर होतं, कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याचं. बोरीपासून दोन कोसांवरचं गाव. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझी पहिली गादी त्याच पिंजारीचाचांनी भरली. कामाला बसले की त्यांच्या भुवयांत, दाढीत कापूसच कापूस, आणि मला हसू आवरायचं नाही. त्यांची बायको, आमची चाची, माझ्या सासूबाईंची जिवाभावाची. दोघी एकाच चंचीतलं पान खायच्या.

राज्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात निजामाची बाजू घेणारे हत्यारबंद लोक गावावर चालून आले. सगळे शेतांकडं पळाले. माझे थोरले दीर बैल सोडायला मागं राहिले, त्यांना या लोकांनी कडब्याच्या गंजीपाशी गोळी घातली. आम्ही परतलो तेव्हा चाचा दिरांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. शेवटचं पाणी त्यांनीच पाजलं, आमच्या डोळ्यांसमोर. हे सासूबाईंनी पाहिलं. मीही पाहिलं.

तरी पुढच्या तीन-चार महिन्यांत गावाचं बोलणं बदललं. ‘पिंजारीचाचा’ म्हणणारे ‘तो पिंजारी’ म्हणू लागले, मग नुसतं ‘त्यांच्यातला’. विहिरीवर कुणीतरी म्हणालं, खबर त्यानंच दिली असंल. कुणी पाहिलं नव्हतं, कुणी चाचांना विचारलंही नाही. मी ते ऐकलं आणि दुसरीला सांगितलं. दिरांच्या मरणाचा राग पोटात होता. ज्यांनी मारलं ते हाताशी नव्हते, चाचा होते.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. आम्ही गुलाल उधळला. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी पाणी शेंदत असताना परगावचे पंधरा-वीस जण आले.

“बाई, मुसलमानाचं घर कोणतं वो हितं?” त्यांतल्या एकानं विचारलं.

“त्या चिंचंमागं,” मी म्हणाले आणि हात केला. क्षणाचाही विचार केला नाही.

ते पुढं गेल्यावर त्यांच्या हातातल्या कुऱ्हाडी मला दिसल्या, असं मी पुढं कित्येकांना सांगितलं. ते खोटं आहे. कुऱ्हाडी मी आधीच पाहिल्या होत्या.

 मग घागर तशीच टाकून आडवाटेनं घरी धावले. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. “आत्या, लोक चाचांच्या घराकडं जायलेत,” म्हटलं. “घर मीच दाखवलं.”

त्या तशाच उठल्या.  “चाचीला परसातून काढ. जवारीत ने. मी म्होरं जाते.”

चाची मागच्या कुडापाशी शेण थापत होती. तिचा हात धरून मी तिला ओढतच नेलं. ज्वारी डोक्याच्या वर वाढली होती. आत बसलो तेव्हा सासूबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“माज्या लेकाला यानं पाणी पाजलंय रं! मी त्याची माय हाय, मी सांगायलेय न्हवं!”

मेलेल्याच्या आईचंही त्यांनी ऐकलं नाही. तिला बाजूला ढकललं आणि चाचांना अंगणात मारलं. आमचं गाव दारं लावून बसलं होतं. ते गेल्यावर, चाचांना माती द्यायला सासूबाईंनी दारोदार जाऊन चौघांना बाहेर काढलं.

चाची आमच्याकडं आठ दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं.

 ती म्हणाली, “मग मला कशाला वाचवलंस?”



पुढं तिचा भाऊ तिला ताडकळसला घेऊन गेला. सासूबाई दोन-तीन महिन्यांनी गाडी जुंपून तिला भेटायला जात. मला कधी चल म्हणाल्या नाहीत, आणि मीही येते म्हणाले नाही. दुसऱ्या वर्षी शिमग्यानंतर एकदा गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, “चल तू बी.”

चाचीनं दार उघडलं. मला पाहून उंबऱ्यातच थांबली.  थोड्या वेळानं ती बाजूला सरली आणि म्हणाली, “ऊन लय हाय. आत या.”