मथळा नसलेला रकाना

कॅनडात राहायला गाव शोधायला निघालो तेव्हा माझ्या वहीत एक तक्ता होता. नवऱ्याच्या कंपनीनं तीन गावांतल्या शाखा सांगून त्यातली एक निवडायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही बारा दिवसांची रजा काढून गावं प्रत्यक्ष बघायचं ठरवलं. त्यांना मी एक, दोन, तीन असे आकडे दिले. उभे रकाने दहा: शाळा, घरभाडं, बस, किराणा, हिवाळा किती महिने, दवाखाना किती लांब, वगैरे. शेवटी एक अकरावा रकाना आखला होता. त्याला मथळा दिला नव्हता.

तो रकाना आमच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी होता. तिला सिकलिन, म्हणजे सिकलसेल, आहे. आमच्या भागात हा आजार घरोघरी असतो आणि कोणाच्याच घरात नसतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मूल हाडं दुखतात म्हणून तळमळत राहतं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिकडे यावर पुढचे उपचार आहेत, वय लहान आहे तोवर प्रयत्न करा. ते कोणत्या गावात मिळतात, ते त्या रकान्यात लिहायचं होतं. बदलीचं कारण ते होतं. लोकांना आम्ही बढती सांगितली.

आजाराचं निदान झालं त्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाहेर कोनाले सांगाचं नाही. पोट्टी आहे. उद्या सोयरीक कोन करन?"

मी वाद घातला नाही. उलट ते काम नीट केलं. शाळेत अशक्तपणाचा दाखला दिला. औषधं कॅल्शियमच्या डबीत भरली. रिपोर्टांच्या फाइलवर 'गॅस जोडणी' अशी चिठ्ठी लावली. मी छत्तीसगडच्या मंत्रालयात नोकरीला आहे, रोज तेलीबांध्याच्या थांब्यावरून बसनं नव्या रायपूरला जाते. कागद कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये एवढं मला कळतं. लपवणं सासूबाईंनी सुरू केलं, त्याची व्यवस्था मी लावली.

निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिजवर यादी चिकटवली. सतरा मुद्दे. सकाळी डबीतली एक गोळी. दिवसभरात पाण्याच्या चार बाटल्या. थंड पाण्यानं आंघोळ नाही. दुपारी उन्हात खेळणं नाही. नऊ नंबरला: ताप आला तर डॉक्टरांना फोन, खाली नंबर. आजाराचं नाव कुठेही नव्हतं. आमचं रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातलं घर रस्त्याला लागून आहे, फ्रिज बाहेरच्या खोलीत आहे, आणि येणारा-जाणारा पाणी प्यायच्या निमित्तानं सगळं वाचतो.

सासूबाई चष्मा लावून यादीसमोर उभ्या राहिल्या. "इतकं त माह्या लग्नात बी कोनी लिहून नव्हतं देलं."

मुलगी तिच्या हिंदीत म्हणाली, "मम्मी, अठारह नंबर में लिखो, आजी करेला नहीं खिलाएगी."

"हव, करेलाच खिलाती," सासूबाई म्हणाल्या.

मी अठरावा मुद्दा लिहिला नाही. जागा उरली नव्हती.

तिकडे आम्ही नवऱ्याच्या चुलत भावाकडे उतरलो. घरात ते दोघं आणि त्यांचा शाळकरी मुलगा. गावं दाखवायला त्याची बायको, म्हणजे माझी चुलत जाऊ, रोज गाडी काढायची. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडाची फटकळ. रायपूरच्या पंडरी भागातल्या निम्म्या नातेवाइकांशी तिचं रोज फोनवर बोलणं असायचं. आज आम्ही काय खाल्लं हे रायपूरला आमच्या आधी पोचायचं.

पहिलं गाव मी तासाभरात खोडलं. शाळेला जायला दोन बस बदलाव्या लागत होत्या आणि थांब्यावर आडोसा नव्हता. मार्च संपत आला होता तरी रस्त्याच्या कडेला काळवंडलेला बर्फ साचून होता. वारा असा की पेन धरता येईना.

"काय वं, एवढं काय लिहून राहिली? परीक्षा आहे का तुही?" जाऊ म्हणाली.

दुसरं गाव बरं होतं. शाळेचा व्हरांडा बंदिस्त आणि उबदार होता. बस मिनिटावर आली. दवाखाना दहा मिनिटांवर, चांगला मोठा. मी आत जाऊन बघायचं म्हटलं. जाऊ बरोबर आली. गाडी कुठे लावायची, कोणत्या दारानं शिरायचं, चौकशीची खिडकी कुठे, तिला सगळं ठाऊक होतं. गाडी चालवणाऱ्या बाईला असतंच, असं मला वाटलं.

खिडकीतल्या बाईनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, घरात कोणाला काही विशेष आजार आहे का? असेल तर त्याचे डॉक्टर इथे आहेत का ते लगेच बघून सांगते.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जाऊ माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "सहज चौकशी."

गाडीत बसल्यावर जाऊ म्हणाली, "दवाखान्याचं एवढं काय कौतुक तुले? या वयात पाळणा हलवते का आता?" मी हसले. दवाखान्याच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं. अकरावा कोराच राहिला. रात्री नवऱ्यानं हळूच विचारलं, "विचारलं का?" मी म्हटलं, उद्या एकटी बसनं जाऊन विचारते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊच्या स्वयंपाकघरात चहा घेत असताना रायपूरहून शेजारच्या दीदींचा फोन आला. "भाभी, आप लोग आ जाओ. बिटिया को बड़े अस्पताल में भर्ती किया है. बोल नहीं पा रही."

घरी पोचायला दोन दिवस लागले. काय झालं ते नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मुलीला ताप आला, पाय दुखायला लागले. सासूबाईंनी नऊ नंबरप्रमाणे फोन लावला. डॉक्टर गावाला गेले होते. मग दीदी दोघींना जवळच्या एका नर्सिंग होममध्ये घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, पहले से कोई बीमारी? सासूबाई म्हणाल्या, नहीं. डॉक्टरनं ताप उतरवायला बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, दुखण्याची गोळी दिली आणि घरी पाठवलं. सिकलिनच्या मुलाला गारठवायचं नसतं, भरपूर पाणी द्यायचं असतं. तिसऱ्या दिवशी मुलीच्या उजव्या हातातून चमचा पडला आणि ओठ एका बाजूला ओढला गेला. वाकड्या पेशींनी मेंदूतली नस अडवली होती.

अतिदक्षता विभागाबाहेर सासूबाई बाकावर बसल्या होत्या. मी तिथेच विचारलं, "आई, तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"ते शेजारीण बाजूलेच उभी होती." आणि मग, "अन् तुह्या कागदात कुठी होतं? दोनदा वाचला मी तो कागद. तू पान्याच्या बाटल्या मोजून लिहिते. हे नाही लिहिलं म्हनजे सांगाचं नाही, असंच समजली मी."

त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. त्या खरंच मला विचारत होत्या, की त्यांचं काही चुकलं का.

मुलगी वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली. उजवा हात खांद्यापर्यंत उचलतो, बोटं मिटत नाहीत. बोलते, पण शब्द शोधत. प्रवासाला आणि त्या थंडीला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. कंपनीनं ती जागा दुसऱ्याला दिली. फ्रिजवर आता दुसरी यादी आहे, त्यात आजाराचं नाव पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात आहे. पाहुणे येतात आणि वाचतात.

जुलैमध्ये जाऊचा फोन आला. नेहमीसारखी बोलली नाही. बराच वेळ मुलीचं विचारत राहिली, मग म्हणाली, "त्या दिवशी खिडकीवर सांगितलं असतं त..."

"तुम्ही होत्या बाजूला," मी म्हटलं.

ती म्हणाली, "माह्या पोट्ट्याले बी हेच आहे. सात वर्सं झाले, त्याच दवाखान्यात दाखवतो. आम्ही बी कोनाले सांगितलं नाही."

फोन ठेवून मी ती वही काढली. अकराव्या रकान्याला मथळा दिला: सिकलिन. दोन नंबरच्या ओळीत लिहिलं: आहे. मग साडेपाच झाले होते, मुलीच्या बोटांच्या व्यायामाची वेळ.