क्वाय-हंग आणि साठ प्रश्नांचा कागद

ताम क्वाय-हंगला राग यायला वेळ लागत नसे, आणि एकदा आला की तो मुक्कामाला राहायचा. हाँगकाँगमधल्या शाम-शुई-पोच्या बाजारात तेहतीस वर्षं ती काढ्याच्या दुकानात फळीमागे उभी राहिली. गिऱ्हाईक आलं की आधी चेहरा बघायची, मग जीभ बाहेर काढायला लावायची आणि मगच वाडगा भरायची. तोंड आलंय, लघवीला जळजळतंय, चार दिवस पोट साफ नाही, सुनेचं तोंड बघावंसं वाटत नाही, असं सगळं लोक तिला सांगत आणि आपल्या शब्दांत सांगत. ‘डोक्यावर ओलं पोतं ठेवल्यासारखं होतंय’ असं कोणी म्हटलं की अंगात दमटपणा साठलाय हे तिला कळायचं. मालक वारला, दुकान बंद झालं, तेव्हा ती एकाहत्तरची होती. त्यानंतर पाच वर्षं ती रोज सकाळी वसाहतीतल्या ज्येष्ठांच्या केंद्रात जायची, माहजोंगच्या सोंगट्या खेळायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पत्रं, नोटिसा, औषधांच्या पुड्यांवरचं वाचून दाखवायची. तिची शाळा चौथीतच सुटली होती, पण केंद्रात तेवढंही फार होतं.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला विद्यापीठाची माणसं केंद्रात आली. साठ प्रश्न विचारून प्रत्येकाच्या प्रकृतीचा प्रकार ठरवायचा आणि ज्यांचा तोल बिघडलाय अशा तीस जणांना वैद्याकडे बारा वेळा फुकट उपचार द्यायचे, अशी योजना होती. प्रश्न विचारायला पांग हे-यान नावाची मुलगी होती, चोवीस-पंचवीसची, बोलायला गोड. हॉलच्या मधोमध तिने टेबल मांडलं. एका बाजूला माहजोंगचा खडखडाट, दुसऱ्या बाजूला टीव्ही.

प्रश्न उत्तरेकडच्या छापील भाषेत लिहिलेले होते. हे-यान तीच अक्षरं इथल्या बोलीच्या, कँटोनी उच्चारात वाचायची. त्यामुळे आवाज घरचा आणि शब्द सरकारी नोटिशीचे, असं काहीतरी कानावर पडायचं. म्हातारी माणसं मान डोलवायची. ‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी’ यांतलं एक निवडा म्हटलं की मधलं निवडायची, म्हणजे कोणाचंच मन दुखायला नको.

क्वाय-हंगची जिवाभावाची मैत्रीण यिम साउ-हा चौथी बसली. साउ-हाला वाचता येत नव्हतं. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी गेला होता, तेव्हापासून तिच्या गळ्यात काहीतरी बसलं होतं, गिळायला गेलं तर जात नव्हतं आणि खाकरून निघत नव्हतं. झोप उडाली होती. पेजेचा अर्धा वाडगा खाऊन ती चमचा खाली ठेवायची.

हे-यानने विचारलं, “गेल्या एका वर्षात आपल्याला कंठात परकीय पदार्थाची जाणीव होते का?”

साउ-हाला वाटलं, माशाचा काटाबिटा गिळलाय का असं विचारतेय. ती म्हणाली, “कधीच नाही.”

“आपली मनोवस्था खिन्न असते का?”

शेजारच्या टेबलावरच्या चौघांनी ऐकलं असेल, असं तिला वाटलं. याही वेळी ती ‘कधीच नाही’ म्हणाली. मग फक्त बायकांसाठी असलेला प्रश्न आला. अंगावरून जातं का, रंग पिवळा असतो का, असं त्या मुलीने त्याच गोड, खणखणीत आवाजात विचारलं. माहजोंगच्या टेबलावर दोन पुरुषांचे हात जागच्या जागी थांबले. साउ-हाचे कान लाल झाले. त्यानंतरच्या प्रत्येक प्रश्नाला तिने ‘कधीच नाही’ म्हटलं आणि उठून थेट घरी गेली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. साउ-हाने ते क्वाय-हंगकडे वाचायला आणलं. ‘आपली प्रकृती समतोल आहे. चांगल्या सवयी अशाच चालू ठेवा.’ खाली शिक्का.

“बघ,” साउ-हा म्हणाली, “मला काही झालेलंच नाहीये. माझ्या मनाचेच खेळ आहेत सगळे. आता नाही रडायचं.”

हे ऐकून क्वाय-हंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यासमोर बसलेल्या बाईचे दंड काठीसारखे झाले होते, ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता, आणि तू ठणठणीत आहेस असं एक कागद तिला सांगत होता. वर ती बिचारी त्यावर विश्वास ठेवत होती. याचा राग क्वाय-हंगला सगळ्यात जास्त आला. दुसऱ्या दिवशी पत्र पिशवीत टाकून, दोन बस बदलून ती विद्यापीठात गेली.

हे-यानने तिला बसायला खुर्ची दिली, गरम पाणी आणलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं की हे प्रश्न वीस हजार लोकांवर तपासलेले आहेत. शब्द बदलले तर माप बदलतं, मग इथल्या माणसांची तुलना बाकीच्यांशी करता येत नाही.

“त्या वीस हजारांतले किती जण आमच्यासारखं बोलतात?” क्वाय-हंगने विचारलं.

हे-यानने कागद चाळले, तो आकडा कुठेच नव्हता. पण ती मुलगी वाईट नव्हती. तिने हे आपल्या प्राध्यापकांच्या, सेटो सरांच्या कानावर घातलं, आणि जानेवारीत क्वाय-हंगला बैठकीचं बोलावणं आलं. प्रश्नावली इथल्या ज्येष्ठांसाठी जुळवून घ्यायची की नाही, ते ठरवायला सहा तज्ज्ञ बसणार होते. सातवी ती, ज्येष्ठांची प्रतिनिधी.

लांब टेबलाच्या शेवटच्या खुर्चीत तिला बसवलं. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते चारपैकी आकडा लिहायचा होता, प्रश्न कितपत योग्य आहे याचा. पहिला पाऊण तास तिला कोणी काही विचारलं नाही. एक जण म्हणाले की शब्द तसेच ठेवावेत, वाचणाऱ्याने हवं तर सावकाश वाचावं. दुसरे म्हणाले की ज्येष्ठांना आरोग्याची जाणीव कमी असते, आधी त्यांना शब्द शिकवायला हवेत. क्वाय-हंगने हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

“शिकवायला आमची ना नाही,” ती म्हणाली. “पण माझ्या मैत्रिणीच्या गळ्यात दीड वर्ष गोळा बसलाय. यिम साउ-हा तिचं नाव. रात्रभर जागी असते, जेवण जात नाही. तुमच्या कागदावर ती समतोल आहे. तिला परकीय पदार्थ विचारलात तुम्ही. गोळा विचारला असता तर तिने सांगितलं असतं.”

सेटो सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “आजी, तुमच्या भावना आम्हाला कळतात. पण त्यांनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली असती तर...”

“प्रामाणिकपणे?” क्वाय-हंग उभी राहिली. तिचा आवाज भर बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारायचा तो होता. “मग तुम्ही द्या उत्तर. पुरुषांचा प्रश्न आहे, मला पाठ आहे. सेटो सर, तुमच्या जांघेत, अंडकोशापाशी, ओल राहते का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी?”

चहा घेऊन आलेली बाई दारातच थांबली. सेटो सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नाही,” ते अखेर म्हणाले.

“लिही गं, कधीच नाही,” क्वाय-हंगने हे-यानला सांगितलं. “सर समतोल आहेत.”

ती पिशवी उचलून निघाली. बसमध्ये तिला दुकान आठवत राहिलं. तेहतीस वर्षांत लोकांनी तिला काय काय सांगितलं होतं, ती प्रत्येकाशी हळू आवाजात बोलली होती, एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नव्हतं. चौथी शिकलेल्या काढेवालीला जे समजत होतं ते यांना कसं समजत नाही, याच एका गोष्टीने ती घरापर्यंत धुमसत राहिली.

बैठकीत काय घडलं ते केंद्रात पसरलं. साउ-हापर्यंतही गेलं.

साउ-हा क्वाय-हंगच्या दारात आली ती आत यायला तयारच नव्हती. “त्या पोरीने मला हॉलमध्ये विचारलं म्हणून तू एवढी भांडलीस. आणि तू काय केलंस? माझं नाव घेऊन खोलीभर परक्यांना सांगितलंस. मी रात्री जागते, मी जेवत नाही.”

“तुझ्याचसाठी सांगितलं.”

“मला विचारलं होतंस?”

साउ-हा तिथूनच परत गेली. दार लावून क्वाय-हंग स्वयंपाकघरात उभी राहिली. आता राग काढायला समोर कोणी नव्हतं. तिने आधीच लखलखीत असलेलं भांडं घासायला घेतलं. दोन आठवडे साउ-हा तिच्याशी बोलली नाही. चिनी नववर्षाला सगळा मजला एकमेकांकडे मुळ्याचे केक घेऊन गेला, साउ-हा तिच्या दारावरून पुढे गेली.

फेब्रुवारीत हे-यान पुन्हा केंद्रात आली. प्रश्नावली जुळवून घ्यायचं बैठकीत ठरलं होतं, आता नवे शब्द तपासायचे होते. एकेका म्हाताऱ्याला प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, यातून तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. बावीस जणांशी ती बोलली. ‘परकीय पदार्थ’ गेला, ‘गळ्यात काहीतरी अडकलंय, गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही’ आलं. ‘गेल्या एका वर्षात’ऐवजी ‘गेल्या नववर्षापासून’ झालं. खाजगी प्रश्न बंद खोलीत, बाईने बाईला आणि पुरुषाने पुरुषाला विचारायचे ठरले. सेटो सरांनी नऊ प्रश्न मात्र जसेच्या तसे ठेवले. क्वाय-हंगने ते नऊही वाचले आणि हे-यानला अर्धा तास ऐकवलं. हे-यानने सगळं लिहून घेतलं, पण ते बदलले नाहीत.

साउ-हाला पुन्हा बोलावलं. जायचं की नाही यावर ती दोन दिवस अडून बसली, आणि मग स्वतःहून क्वाय-हंगच्या दारात येऊन म्हणाली, “चल. बाहेर बसायचं, आत यायचं नाही.”

क्वाय-हंग केंद्राच्या कोठीच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. एक तास दहा मिनिटं झाली. मधे एकदा आतून रडण्याचा आवाज आला, ती उठली आणि परत बसली. साउ-हा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. आत काय बोलली ते तिने सांगितलं नाही, आणि क्वाय-हंगने विचारलं नाही.

तिच्या प्रकृतीचा तोल बिघडलाय हे आता कागदावरही आलं. पण फुकट उपचाराच्या तीसही जागा डिसेंबरातच भरल्या होत्या, त्याही बऱ्याचशा अशा लोकांनी ज्यांनी न समजता मधलं उत्तर निवडलं होतं. हे कळल्यावर क्वाय-हंगने हे-यानला फोनवर जे ऐकवलं ते केंद्राच्या मॅनेजरने दार लावून घ्यावं इतकं होतं. दुसऱ्या तुकडीला एप्रिल उजाडला. छिंग-मिंगला, पितरांच्या सणाला, साउ-हा नवऱ्याची कबर झाडून आली आणि त्याच आठवड्यात वैद्याकडे जायला लागली. पाचव्या खेपेनंतर एका सकाळी दोघी चहाला बसल्या. साउ-हाने कोळंबीच्या वाफवलेल्या मोमोंची टोपली स्वतःकडे ओढली, तीन खाल्ले आणि चौथा क्वाय-हंगच्या बशीत टाकला.

“नऊ राहिलेत अजून,” क्वाय-हंग म्हणाली. ती मोमोंबद्दल नाही, सेटो सरांनी तसेच ठेवलेल्या प्रश्नांबद्दल बोलत होती.

“खा आधी,” साउ-हा म्हणाली. “गार होतंय.”