ग्रीलमधल्या बागेची वर्ड फाइल

आईला झटका आला आणि तिचं बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडून शब्द फुटत नाही. हो-नाही काय ते मानेनं. जिच्या आवाजानं आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा खुर्चीत सरळ बसायचा, ती आई. हॉस्पिटलच्या धावपळीत तिच्या खिडकीच्या ग्रीलमधली झाडंही वाळली. मोगरा तर पार गेला.

त्यात ती ज्या वेबसाइटवर 'ग्रीलमधली बाग' लिहायची, ती महिनाअखेरीस बंद होणार असा मेल आला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आई तिथे लिहीत होती. म्हटलं, हे तरी हातचं जाऊ द्यायचं नाही. प्रत्येक लेखाखाली 'वर्ड फाइल डाउनलोड करा' असं बटण होतं. मी एका दुपारी बसले, खटाखट बटणं दाबून सगळे लेख उतरवले आणि वहिनीला फोन करून ऐटीत सांगितलं, झालं काम.

रविवारी वहिनी घाटकोपरहून आली. फाइल उघडून बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "यात आई कुठायत गं?"

माझं डोकंच फिरलं. एवढं केलं त्याचं काही नाही, वर चुका काढायच्या. पण तिनं वेबसाइटवर तोच लेख उघडून खाली सरकवला आणि मला दिसलं. लेखात आई शाळेतल्या बाईंच्या थाटात होती: माती एवढी, खत तेवढं. खरी आई खाली होती, लोकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत. कुर्ल्याच्या कुणाचा तरी कढीपत्ता सडत होता. आईचं उत्तर: 'रोज पाणी कशाला घालता? तो काय घरी आलेला पाहुणा आहे?' बटणानं नेमकं हेच गाळलं होतं.

मग बसलो दोघी. थोडीच उत्तरं समोर दिसायची, बाकीची 'आणखी पाहा'च्या मागे. ते उघडल्याशिवाय कॉपीच होत नव्हती. वर्डमध्ये टाकलं की प्रत्येक नावाशेजारचा फोटो मध्ये घुसायचा, ओळी तुटायच्या, कुठे अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. माझा संयम तासाभरात संपला. वहिनीचा नाही. बँकेतून दमून घरी गेली तरी ती रोज थोडं थोडं करत राहिली आणि साइट बंद व्हायच्या आत आईचं एकूण एक उत्तर फाइलमध्ये आलं. पोटची मुलगी मी, पण हे सुचलं तिला. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तोंडावर सांगितलं तर 'पुरे गं' म्हणते, म्हणून इथे लिहून ठेवते.

स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत प्रिंट काढली आणि आईजवळ बसून वाचायला लागले. पाहुण्यावर ती खांदे हलवून हसली. किती दिवसांनी हसली! मग गोवंडीच्या एका बाईंचा प्रश्न आला: काकू, माझा मोगरा वाळला हो, जीव तुटतो, काय करू? खाली आईचं उत्तर: 'दुसरा लावा. कुंडी रिकामी ठेवू नका, रिकामी कुंडी बघून माणूस रोज रडत बसतं.'

मला पुढे वाचवेना. आईनं माझा हात हलवला आणि खिडकीकडे, मोगऱ्याच्या कोरड्या कुंडीकडे बोट केलं. बराच वेळ तिचे ओठ नुसतेच हलत राहिले.

"लाव," आई म्हणाली.